मोठ्या डॉक्टरकडे आधी कागद जाऊ दे

गेल्या पावसाळ्यात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली माझी आत्या गावाजवळच्या सरकारी दवाखान्यातून तणतणतच घरी आली. कमरेला, परकराची नाडी बसते त्या रेघेवर, तिला गजकर्ण झालं होतं. रोप लावणीचे दिवस होते. दिवसभर इरलं घेऊन चिखलात वाकायचं, संध्याकाळी ओलं लुगडं बदलायचं, आणि ते दुसऱ्या दिवसापर्यंत वाळायचं नाही. औषधाच्या दुकानातून आणलेली ट्यूब लावली की चार दिवस बरं वाटे, सोडली की दुप्पट पसरे. खाज सोसेना तेव्हा ती दवाखान्यात गेली. तिथल्या तरुण डॉक्टरांनी नीट बघितलं, नर्सबाईंना पडद्याआड फोटो काढायला सांगितलं, कंप्युटरवर बरंच काही लिहिलं आणि म्हणाले, "मावशी, बेळगावच्या त्वचेच्या डॉक्टरांना विचारतो. परवा या."

"याला स्वतःला येत नाही तर खुर्चीवर बसतो कशाला?" हा आत्याचा सवाल.

असाच सवाल मी निपाणीकडच्या, बेळगावकडच्या बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकला आहे. डॉक्टर फोनवर किंवा कंप्युटरवर दुसऱ्या डॉक्टरला विचारायला लागला की आपला विश्वास डळमळतो. मला मात्र त्या दिवशी तो डॉक्टर आवडला. आपल्याला कुठवर येतं हे त्याला ठाऊक होतं आणि पुढचं कुणाला विचारायचं हेही ठाऊक होतं. तो जे करत होता त्याला ई-कन्सल्ट म्हणतात. ते नेमकं काय असतं, त्यातून आपल्याला काय मिळतं आणि कुठे सावध राहायला हवं, ते सगळं इथे सांगतो.

शेत उचलून कुणी प्रयोगशाळेत नेत नाही

माती परीक्षण आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पीक पिवळं पडलं म्हणून शेत उचलून कुणी प्रयोगशाळेत नेत नाही. शेतातून आठ-दहा ठिकाणची माती काढायची, एकत्र करायची, त्यातली अर्धा किलो पिशवीत भरायची आणि सोबत चिठ्ठी लावायची: गेल्या वर्षी काय पेरलं, खत कुठलं घातलं, पाणी कसं आहे. तज्ज्ञ ती माती आणि चिठ्ठी बघून सल्ला देतो. खत घालायचं काम शेतकऱ्याचंच.

ई-कन्सल्ट तसंच आहे. तुम्हाला तपासणारा जवळचा डॉक्टर तुमची हकीकत, तपासणीत काय आढळलं, रिपोर्ट आणि लागले तर फोटो एकत्र करतो. त्याखाली एक नेमका प्रश्न लिहितो आणि त्या विषयातल्या तज्ज्ञाला, म्हणजे आपण ज्याला 'मोठा डॉक्टर' म्हणतो त्याला, पाठवतो. तज्ज्ञ सवडीने, पण ठरलेल्या मुदतीत, लेखी उत्तर देतो. दोघांनी एकाच वेळी फोनवर असायची गरज नसते आणि तुम्ही तर तिथे नसताच. तुमच्या वतीने कागद प्रवास करून येतो.

व्हिडिओ कॉलवर आपण स्वतः डॉक्टरांशी बोलतो तो प्रकार वेगळा. ई-कन्सल्टमध्ये बोलणं दोन डॉक्टरांचं असतं.

मातीची उपमा मी आणखी एका कारणासाठी घेतली. बांधाच्या कडेची किंवा उकिरड्याजवळची माती पाठवली तर प्रयोगशाळा कितीही चांगली असो, रिपोर्ट चुकीचाच येणार. ई-कन्सल्टचं सगळं यश खालून काय जातं यावर आहे. "कमरेला खाज, सल्ला द्यावा" एवढंच लिहून पाठवलं तर उत्तर मोघमच येणार. "वय ५८, सहा महिन्यांपासून, कडेला लाल आणि मध्ये फिकट चट्टे, दुकानातली मिश्र मलमाची ट्यूब चार महिने लावली, घरात सुनेलाही आहे, साखर तपासलेली नाही, ट्यूब एकदम बंद करू का आणि पोटातून गोळ्या किती आठवडे देऊ?" असं लिहिलं तर उत्तर कामाचं येतं.

एका फेरीला काय काय लागतं

सरकारी मोजमापाप्रमाणे सपाट भागात ३०,००० लोकांमागे आणि डोंगराळ भागात २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असतं. तिथे बहुधा एमबीबीएस डॉक्टर असतो. त्वचा, थायरॉईड, मेंदू, मूत्रपिंड यांचे तज्ज्ञ बेळगाव शहरात, नाहीतर हुबळीला. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ पडतं, लोंढ्याकडच्यांना गोवा.

जांबोटी-कणकुंबीकडच्या माणसासाठी 'बेळगावला दाखवायला जाणं' म्हणजे काय ते त्यालाच विचारा. पहाटेची बस, सोबतीला एक माणूस, म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. ओपीडीची रांग, केस पेपरची रांग. बारा-एक वाजता नंबर लागतो. भीमगडच्या जंगलात आमगावसारखी गावं आहेत. तिथून पावसात आजारी माणसाला रस्त्यापर्यंत खांद्यावरून आणावं लागतं.

एवढं करून आत गेल्यावर काय होतं याचा एक अनुभव आमच्या घरचा आहे. माझ्या काकांना असंच एका मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. रेफरच्या चिठ्ठीवर फक्त तीन शब्द होते: "अशक्तपणा, तज्ज्ञ सल्ला". तज्ज्ञांनी चिठ्ठी बघितली, काकांकडे बघितलं आणि म्हणाले, "थायरॉईड आणि रक्ताच्या या टेस्ट करून पुढच्या आठवड्यात या." तीन मिनिटांत आम्ही बाहेर आलो. त्या डॉक्टरांचं काही चुकलं नाही. टेस्टशिवाय ते काय सांगणार? पण त्या टेस्ट खानापुरातच झाल्या असत्या. कोणत्या टेस्ट हव्यात एवढं आधी विचारलं गेलं असतं तर आमची एक फेरी आणि काकांचा एक आठवडा वाचला असता.

मला ई-कन्सल्टचं महत्त्व पटलं ते त्या दिवशी. तज्ज्ञाकडे जायची वेळ आलीच तर पूर्ण तयारीने, पहिल्याच भेटीत उपचार सुरू होतील असं जायचं. आणि ज्याचं काम कागदावर भागतं त्याने घरीच राहायचं. म्हणजे रांग आखडते आणि खरोखर गंभीर असलेल्याला लवकर आत जाता येतं.

हे कुणी सुरू केलं?

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी रुग्णालयात गरीब रुग्णांना पोटविकार तज्ज्ञाची वेळ मिळायला महिनोन्‌महिने लागत. तिथे २००५ साली पोटविकार विभागाने नियम केला: चिठ्ठी घेऊन थेट रुग्ण पाठवू नका, आधी कंप्युटरवर प्रश्न पाठवा, तज्ज्ञ वाचेल आणि ठरवेल. काही प्रश्नांची उत्तरं तिथेच मिळू लागली, काहींना "आधी ही टेस्ट करा" असा निरोप जाऊ लागला, आणि काहींना नंबर तोडून पुढे बोलावलं जाऊ लागलं.

कॅनडात ओटावा शहराच्या परिसरात २०१० च्या सुमारास अशीच सेवा सुरू झाली. तिचा हिशेब तिथल्या डॉक्टरांनी बारकाईने ठेवला. ज्यांना तज्ज्ञाकडे पाठवायचं म्हणून विचार चालला होता, त्यांतल्या दहापैकी साधारण चार जणांना प्रत्यक्ष जावंच लागलं नाही. उत्तरं महिन्यांनी नव्हे, दिवसांत आली.

आपल्याकडे: ई-संजीवनी

भारत सरकारची ई-संजीवनी ही सेवा मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने बांधली आहे. तिचे दोन भाग आहेत आणि लोकांचा गोंधळ इथेच होतो. पहिला भाग नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाला. त्यात आरोग्य केंद्रातून वरच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांचा सल्ला घेतला जातो. दुसरा एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात आला. त्यात माणूस घरबसल्या थेट डॉक्टरशी बोलतो. मी ज्याविषयी लिहितो आहे त्याच्या जवळचा आहे तो पहिला.

त्याची रचना सायकलच्या चाकासारखी आहे. मधला तुंबा म्हणजे तज्ज्ञ असलेलं मोठं रुग्णालय. त्याला जोडलेल्या तारा म्हणजे गावोगावची केंद्रं, ज्यांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथे सीएचओ, म्हणजे खास प्रशिक्षण घेतलेल्या नर्सबाई किंवा भाऊ असतात. बहुतेक वेळा रुग्ण समोर बसलेला असताना व्हिडिओवर बोलणं होतं.

माझं स्पष्ट मत सांगतो. आपल्या डोंगरी भागाला थेट व्हिडिओपेक्षा लेखी ई-कन्सल्ट जास्त चालेल. पावसाळ्यात खानापूरच्या पश्चिमेला रेंज कधी येते आणि कधी जाते याचा भरवसा नाही. व्हिडिओ अडकला की डॉक्टरही वैतागतो, रुग्णही. लेखी प्रश्नाला घाई नसते. दुपारी लिहून ठेवला, संध्याकाळी रेंज आली तेव्हा गेला. तज्ज्ञाने ऑपरेशन संपवून रात्री वाचला, सकाळी उत्तर हजर.

इसीजीची पट्टी: धावतं ई-कन्सल्ट

कागद पाठवायचा आणि सल्ला घ्यायचा ही कल्पना हृदयरोगात लवकर रुजली, कारण इसीजी म्हणजे मुळात कागदाची पट्टीच. ती इथे वाचा किंवा बेंगळुरूत वाचा, रेघा त्याच. या शतकाच्या सुरुवातीलाच इस्रोच्या उपग्रहाच्या मदतीने चामराजनगरचं जिल्हा रुग्णालय बेंगळुरूच्या हृदयरोग तज्ज्ञांना जोडलं गेलं होतं.

आता कर्नाटक सरकारची पुनीत राजकुमार हृदय ज्योती योजना आहे. कन्नड चित्रपट अभिनेते पुनीत यांचं ऑक्टोबर २०२१ मध्ये वयाच्या ४६ व्या वर्षी हृदय बंद पडून निधन झालं. त्यांच्या नावाने ही योजना निघाली. छातीत दुखतंय म्हणून कुणी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात आला की लगेच इसीजी काढायचा, तो जोडलेल्या मोठ्या केंद्राकडे पाठवायचा. हार्ट अटॅक असल्याचं तिथून कळलं की रक्तातली गाठ विरघळवणारं टेनेक्टेप्लेज हे महागडं इंजेक्शन तालुक्यातच मोफत द्यायचं आणि मग रुग्णाला पुढे हलवायचं. हृदयाच्या नळीत गाठ अडकली की मिनिटागणिक स्नायू मरत असतो. इंजेक्शन पहिल्या काही तासांतच खरं काम करतं. म्हणून आधी इंजेक्शन, मग अँब्युलन्स.

इथे उत्तर परवा नको, मिनिटांत हवं. पण तत्त्व तेच: रुग्णाच्या आधी कागद पोचला.

"छाती जड झाली" हे कसं लिहायचं?

आता आपल्या सीमाभागाच्या खास गोष्टीकडे येतो. या लेखातलं माझ्या मनाला सर्वांत लागणारं हेच आहे.

आपल्याकडे माणूस दुखणं मराठीत भोगतो, दवाखान्याचा बोर्ड आणि फॉर्म कन्नडमध्ये असतो आणि औषधाची चिठ्ठी इंग्रजीत. मोठ्या दवाखान्यात गेल्यावर म्हातारं माणूस बिचकतं. मोडक्या कन्नडमध्ये नाहीतर हिंदीत चार शब्द बोलतं. कधी सोबतचा नातू मध्येच घाईने सांगून टाकतो. त्यात काय हरवतं ते बघा. छातीत कळ येणं, छातीत जळजळणं आणि छातीवर धोंडा ठेवल्यासारखं जड होणं, मराठीत ही तीन वेगळी दुखणी आहेत. डॉक्टरच्या दृष्टीनेही ती वेगळी आहेत. जळजळ बहुधा पित्ताची, तर चालताना येणारं आणि थांबल्यावर जाणारं जडपण हृदयाचं असण्याची भीती जास्त. तिन्हींचं भाषांतर "छातीत दुखतं" असं झालं की तज्ज्ञाच्या हातातला धागाच तुटला. तसंच "चक्कर येते" चं. घर फिरतंय, की डोळ्यांपुढे अंधारी येते, की पायाखालची जमीन सरकल्यासारखी वाटते? प्रत्येकाचं कारण वेगळं.

गावच्या दवाखान्यात या गोष्टी उलगडतात. डॉक्टर विजयपूर-बागलकोटकडचे, कन्नड बोलणारे असले तरी दोन वर्षांत कामापुरतं मराठी शिकलेले असतात. नसले तर आशाताई असतात, नर्सबाई असतात. आत्याने "आग पडते आणि मग चुरचुरतं" असं सांगितलं तेव्हा डॉक्टर थांबले. नर्सबाईंनी ते त्यांना कन्नडमध्ये फोड करून सांगितलं, मगच त्यांनी लिहिलं. ट्यूब लावल्यावर चुरचुरतं की घामाने, हेही विचारलं. ही चौकशी बेळगावच्या गर्दीत कुणी केली नसती. करायला वेळच नसता.

उत्तर आलं की पुन्हा तेच उलट्या दिशेने. तज्ज्ञाचं इंग्रजी उत्तर गावचा डॉक्टर रुग्णाला त्याच्या भाषेत सांगतो. मोठ्या दवाखान्यातून परतलेल्या किती जणांना मी "डॉक्टर काय बोलले तेच कळंना बघ" असं म्हणताना ऐकलं आहे. ई-कन्सल्टमध्ये सांगणारा माणूस ओळखीचा असतो आणि उद्या परत विचारता येतो.

सीमेबद्दल आणखी एक. २५ मार्च २०२० ला देशात टेलिमेडिसिनची नियमावली आली. तिच्यात स्पष्ट म्हटलं आहे की नोंदणीकृत डॉक्टर भारतातल्या कुठल्याही भागातल्या रुग्णाला दूरस्थ सल्ला देऊ शकतो. म्हणजे निपाणीच्या डॉक्टरांनी कोल्हापूरच्या तज्ज्ञाला विचारायला कायद्याची आडकाठी नाही. उपचाराच्या पैशांचं मात्र असं सोपं नाही. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना ८६५ सीमावर्ती गावांना लागू करायचं ठरवलं तेव्हा कर्नाटक सरकारने हरकत घेतली. तो वाद चालायचा तसा चालो. प्रश्न आणि उत्तर यांना नाक्यावर थांबावं लागत नाही.

हात न लावता कसं कळणार?

हात लावलेला असतो, तुमच्याजवळच्या डॉक्टरने. पोट दाबून बघणं, छातीला नळी लावणं, रक्तदाब घेणं हे सगळं करूनच तो प्रश्न लिहितो.

पण काही दुखण्यांत हा मार्ग अजिबात धरायचा नाही. साप चावला तर फोटो नको, गाडी हवी. प्रतिविष असलेल्या जवळच्या दवाखान्यात तडक जायचं. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली, दम लागून बोलता येईना, पोट लाकडासारखं कडक झालं, बाळंतिणीचं रक्त थांबेना: अशा वेळी कुणी "विचारून सांगतो, उद्या या" म्हणत असेल तर ऐकू नका. तातडीच्या वेळी दूरचा सल्ला हा प्रत्यक्ष उपचाराला पर्याय नाही असं ती नियमावलीही म्हणते.

ई-कन्सल्टला शोभतात ते प्रश्न शांत डोक्याने सोडवायचे असतात. थायरॉईडचा आकडा थोडा वर आहे, गोळी आत्ताच सुरू करू का? मधुमेहाची दोन औषधं चालू आहेत आणि मूत्रपिंडाचा रिपोर्ट जरा बिघडलाय, कुठलं थांबवू? रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या तीन महिने दिल्या, वाढत नाही, पुढे काय तपासू? त्वचेचे बहुतेक आजार. असे प्रश्न दवाखान्यात रोज असतात.

चुकलं तर जबाबदार कोण?

नियमावलीने याचं उत्तर दिलं आहे: सल्ला मागणारा डॉक्टर हाच उपचार करणारा डॉक्टर, आणि उपचाराची जबाबदारी त्याची. तज्ज्ञ सांगतो, पण ते तुम्हाला लागू करायचं की नाही हे तुमचा डॉक्टर ठरवतो.

आत्याच्या बाबतीत हे डोळ्यांनी दिसलं. तज्ज्ञ डॉक्टरीणबाईंचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. ट्यूबमध्ये स्टेरॉईड आहे, ती बंद करा. स्टेरॉईडने खाज दबते, पण बुरशीला रान मोकळं मिळतं. चट्ट्याची कड खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी आहे का बघा, साखर तपासा, गोळ्या अमुक आठवडे द्या, सुनेवरही उपचार करा, कपडे कडक उन्हात वाळवा. यातलं शेवटचं वाचून गावचे डॉक्टर म्हणाले, "मावशी, जुलै महिन्यात ऊन कुठून आणणार?" आणि त्यांनी आपली भर घातली: परकर चुलीच्या वरच्या दांडीवर वाळवायचा, नेसण्याआधी नाडीच्या नेफ्यावरून गरम इस्त्री फिरवायची, लावणीहून आल्यावर आधी कोरडं व्हायचं. बेळगावच्या डॉक्टरीणबाईंना रोग माहीत होता. या डॉक्टरांना जांबोटीकडचा पाऊस माहीत होता. दोन्ही लागलं.

फोटो कुठे जातो?

हा प्रश्न बायकांनी मला हळू आवाजात विचारला आहे आणि तो अगदी रास्त आहे. कमरेचा फोटो, छातीचा फोटो कुणाच्या मोबाईलमध्ये पडून राहणार?

डॉक्टर स्वतःहून तुमची माहिती पुढे पाठवत असेल तर त्याने तुमची स्पष्ट परवानगी घ्यायला हवी. "फोटो कशावर काढताय आणि कुठे पाठवताय?" असं विचारायचा तुम्हाला हक्क आहे. सरकारी प्रणालीवरून जाणं आणि कुणाच्या खासगी व्हॉट्सअॅपवरून जाणं यात फरक आहे. व्हॉट्सअॅपवर फोटो गॅलरीत उतरतो, मोबाईल घरी जातो, पोरांच्या हातात पडतो. निदान एवढं सांगा: चेहरा येऊ देऊ नका, नाव फोटोवर लिहू नका, काम झाल्यावर पुसून टाका. बाईचा फोटो बाईनेच, आडोशाला काढावा. आमच्या दवाखान्यात हे न सांगता झालं, म्हणून आत्या तयार झाली. नाहीतर ती उठून आली असती.

म्हणजे गरिबाला स्वस्तातला डॉक्टर?

सर्वांत जड आक्षेप हा आहे, आणि तो मी टाळणार नाही. शहरातल्या श्रीमंताला तज्ज्ञ समोर बसून बघणार आणि खेड्यातल्याला त्याची दोन ओळींची चिठ्ठी?

भीती खरी आहे. तालुक्यातली तज्ज्ञांची जागा रिकामी ठेवायला ई-कन्सल्ट ही सबब होता कामा नये. स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ तालुक्यात प्रत्यक्षच हवेत. बाळंतपण काही कागदावर होत नाही. ई-कन्सल्ट आहे म्हणून पद भरलं नाही असं कुणी म्हणालं तर गावाने त्याला जाब विचारला पाहिजे.

दुसरी भीती तज्ज्ञाच्या वेळेची. आज पुष्कळ ठिकाणी हा सल्ला ओळखीवर चालतो. गावचा डॉक्टर कॉलेजातल्या सीनियरला रात्री मेसेज टाकतो, तो सवडीने उत्तर देतो. ओळख असेल त्याच्या रुग्णाला सल्ला मिळतो, नसेल त्याच्या रुग्णाला बस. तज्ज्ञाच्या कामाच्या तासांतच रोजचा अर्धा-पाऊण तास या उत्तरांसाठी राखला आणि त्याचा मोबदला दिला, तरच हे टिकेल. अमेरिकेच्या सरकारी मेडिकेअर योजनेने २०१९ पासून अशा लेखी सल्ल्याचे पैसे द्यायला सुरुवात केली. माझ्या मते आपल्याकडेही कंप्युटर वाटण्याआधी हे व्हायला हवं.

आणि आपला डॉक्टर आयुष्यभर विचारतच राहणार का? नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात संजीव अरोरा या भारतीय वंशाच्या यकृततज्ज्ञांनी २००३ मध्ये 'प्रोजेक्ट इको' सुरू केला. हिपॅटायटिस सीचे रुग्ण आपल्याकडे बोलावण्याऐवजी ते खेड्यातल्या डॉक्टरांशी दर आठवड्याला व्हिडिओवर एकेका रुग्णाची चर्चा करू लागले. २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: खेड्यातल्या डॉक्टरांच्या हातून बरे होणाऱ्यांचं प्रमाण विद्यापीठाच्या रुग्णालयाइतकंच होतं. दहा वेळा विचारलेला प्रश्न अकराव्या वेळी विचारावा लागत नाही.

तुम्ही जाताना

चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि ट्यूब पिशवीत घालून न्या, "पांढरी गोळी" सांगून उपयोग नाही. झाडपाला किंवा वैदूचं औषध घेतलं असेल तर लपवू नका. कोल्हापूर, गोवा, बेळगाव असे तीन ठिकाणचे रिपोर्ट असतील तर तारखेप्रमाणे लावून ठेवा. आणि डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: तुम्ही त्यांना नेमका काय प्रश्न विचारलात, आणि उत्तर कधी येईल? ठरल्या दिवशी उत्तर आलं नाही तर परत जा. कागदाचा पाठपुरावा करणारं माणूस लागतंच. झोप उडाली असेल, मन सैरभैर झालं असेल तर कुणाच्या चिठ्ठीची वाट न बघता १४४१६ या टेली मानस क्रमांकावर फोन करता येतो, मराठीतही.

चार आठवड्यांनी आत्या दुसरा फोटो द्यायला गेली. पहिला फोटो स्क्रीनवर शेजारी लावून डॉक्टरांनी तिला दाखवला. तिने चष्मा पुसून दोन्हींकडे बराच वेळ बघितलं. मग दाराशी उभ्या असलेल्या शेजारच्या सुनेला हाक मारली. तिला आत्यानेच सोबत आणलं होतं. त्या पोरीने पदराची गाठ सोडली. आत तसलीच एक ट्यूब होती, शेपटीपासून पिळत आणलेली. डॉक्टरांनी ती हातात घेऊन वाचली आणि विचारलं, "किती महिने लावताय?"